आपण म्हणजे कोण?

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की आठही अंगं एकदम टेकत नाहीत, पाचांवर भागव.) तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून बातम्यांशी भांडतात का? मी बरी आहे, वजन वाढलंय. आईला यातलं फक्त पहिलं सांग.

इथे ज्यांची वस्ती मूठभर आणि प्रार्थनाघर एकच, ते लोक स्वतःला कोण समजतात, यावर माझा प्रबंध, हे तुला ठाऊकच आहे. मी राहते त्यांच्यातल्याच एका शिंपीणबाईंच्या दुकानावरच्या खोलीत. समोर बेकरीवाले काका, ते बहुसंख्यांपैकी. प्रार्थनाघराची काच कोणीतरी फोडल्यापासून इकडचे लोक तिकडचा पाव खात नाहीत आणि तिकडच्या विजारी इकडे शिवायला येत नाहीत. अशा हवेत मी प्रश्न विचारत निघाले. इथल्या भाषेतही 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. आता तू लहानपणापासून बजावलेलं, की परक्या मोठ्या माणसाला 'आपण' म्हणावं. (मावशीच शाळेत मराठी शिकवत असली की असंच होतं.) मी ते जसंच्या तसं इथे आणलं आणि शिंपीणबाईंना अदबीनं विचारलं, "आपण कोण?" इथे त्याचा अर्थ एकच : तू आणि मी मिळून कोण? त्यांनी मशीन थांबवलं, दार लावलं आणि आजवर कुठल्याच पाहुण्याला न सांगितलेलं सगळं सांगितलं. आडनाव कसं गिळायचं, मुलांना काय पढवून शाळेत धाडायचं. मला वाटलं, काय माझी संशोधनपद्धती! त्याच तोऱ्यात बेकरीवाल्या काकांना विचारलं. त्यांनीही शटर ओढलं. (भीती त्यांच्याकडेही निघाली, फक्त आवाज मोठा.)

थोड्याच दिवसांत दोन्हीकडे पक्कं झालं की मी त्यांचीच. काका तावातावानं रस्ता ओलांडून आले. "पोरगी आमच्यातली आहे!" "तुमच्यातली? नाक बघा जरा तिचं!" माझ्या नाकावरून अशी जुंपली की शेवटी नुसतं परत जाणं बरं दिसेना, म्हणून काका एक विजार शिवायला टाकून गेले. राहिलेलं भांडण पुरं करायला बाई पाव आणायला गेल्या. आता हे रोजचंच झालंय.

मुलाखती ऐकून आमच्या सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ही फसवणूक आहे. सोमवारपर्यंत दोघांना खरं सांग, नाहीतर मुलाखती बाद. म्हणजे प्रबंध वाचवायचा तर पाव आणि विजार पुन्हा आपापल्या बाजूला.

तुझी,
दीडशहाणी

ता. क. : पत्राचं खरं कारण. सरांसाठी एक दाखला लिहून पाठव, की मराठीत 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', मुलीच्या मनात दुसरं काही नव्हतं. शाळेचा शिक्का अजून घरीच असेल तर मार. (असेलच.)

ता. क. २ : आज धीर करून शिंपीणबाईंना सांगून टाकलं. दातानं दोरा तोडत म्हणाल्या, "ते पहिल्याच दिवशी कळलं गं. पण 'आपण' म्हणून कोणी विचारलंच नव्हतं ना कधी. तू बेकरीवाल्याला नको हं सांगूस, बिचाऱ्याला खरं वाटतंय." तरी मी समोर गेले. मी तोंड उघडायच्या आत काकांनी गरम पाव हातात ठेवला आणि म्हणाले, "तू आमची नाहीस, ठाऊक आहे मला. पण शिंपीणबाईला कळू देऊ नकोस."

तेव्हा दाखल्यात 'आदरार्थी' एवढंच लिही. दुसरा अर्थ आपल्यातच राहू दे.