वकीलबाईंचा पेढा

मंगळवार, संध्याकाळ

सुटलो. पुन्हा लिहून बघतो, निर्दोष सुटलो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक मी चोरले, हा आरोप. चार वर्षांपूर्वी खटला सुरू होण्याआधीच कोर्टाने मला त्यातून वगळलं होतं, पुरावाच नाही म्हणून. मी शहाणा! त्याच संध्याकाळी कर्वेनगरातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. वकीलबाईंनी मात्र हातात घेतलेला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं. खटला चालून सुटलात की खाईन." काय हा आखडूपणा, असं वाटलं होतं मला.

वर्षाच्या आत वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. आरोप पुन्हा मानगुटीवर. लिफ्टमध्ये शेजारचे देशमुख विचारायचे, "काय, पेढे पचले का?"

तेव्हा वकीलबाईंचा राग का आला मला? खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आणि नंतर एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. माझ्या बायकोनेही नाही, सुनंदा दर तारखेला डबा घेऊन कोर्टातल्या बाकावर हजर. या दोघी नसत्या तर? नकोच तो विचार.

आज मी पेढे नेलेच नव्हते, हिंमतच नव्हती. निकाल लागल्यावर सुनंदाने पिशवीतून पेढ्यांचा छोटा बॉक्स काढून माझ्या हातात दिला.

"अजूनही अपील होऊ शकतं हं," वकीलबाई म्हणाल्या. बॉक्स पुढे करणारा माझा हात तिथेच थांबला.

"पण खाईन म्हटलं होतं ना," म्हणत त्यांनी पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला.

मग दुसराही घेतला.