आबांना सुचवलेली ओळ

मुलुआलेमदादा,

काल अदिस अबाबात आबांचा सत्कार झाला. स्वतःची गाणी ते पार विसरलेत, पण गवयाची जुनी सवय तेवढी शाबूत आहे. कुणी ओळ सुचवली की आपलं एकतारी मसिन्को उचलून ती लगेच गातात आणि दुसरी मिळेपर्यंत थांबत नाहीत.

मानाचा जरीचा झगा पांघरवायला पाहुणे पुढे आले, तर आबा अडून बसले. "माझा लेक पांघरवेल. तो आल्याशिवाय नाही."

सगळं सभागृह ताटकळलं. मी घाबरून त्यांच्या कानात म्हणाले, "येतोय हो तो, वाटेत आहे."

आबांना वाटलं, मी ओळ सुचवली. ते गायला लागले, "येतोय लेक माझा, वाटेत आहे." लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. आई मात्र मागे वळून दाराकडे बघत होती.

तुझी होडी समुद्रात बुडाल्याचं तीन वर्षं मी दोघांपासून लपवलंय. आज सकाळपासून आबा तेच गाताहेत आणि आई तुझ्यासाठी कॉफीचे दाणे भाजतेय. दुसरी ओळ मला सुचत नाही, दादा. खरं सांगावं, तर आबा तेही गातील. आईसमोर.

तुझी,
येशीमेबेत