बिस्किटी रंगाचा प्लग

४ नोव्हेंबर १९९८
जावई मोटारसायकल घेऊन आले. निवृत्ती पेठला ग्रामसेवक, रोज नाशिकहून कोटंबीचा घाट चढून जातो. "मामा, पेट्रोल फार खाते." प्लग काढून उन्हात धरला. काळपट. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटरात एक नंबर लहान जेट बसवला, भोक लहान की पेट्रोल कमी. पेठ नाक्यावरचं माझं गॅरेज आता चिमाजी चालवतो, पण प्लग बघायला लोक मलाच बोलावतात. शाळा चौथीपर्यंत — पण एवढं वाचता येतं.

५ नोव्हेंबर
सदरा पुन्हा पिवळा. बायकोला, गोजराबाईला म्हटलं, जरा नीळ घालत जा. म्हणाली, "आधी डोळे दाखवा."

८ नोव्हेंबर
निवृत्तीचा प्लग अजून गडदच. जेट आणखी एक नंबर लहान केला.

११ नोव्हेंबर
आज प्लग बिस्किटासारखा. हाच रंग हवा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी — मग इंजिन तापतं, पिस्टन अडकतो, मागचं चाक चालत्या गाडीत जागीच थांबतं. त्र्यंबक रोडला आमच्या गॅरेजातला कारभारी नावाचा पोरगा तसाच गेला. त्याच्या गाडीचा प्लग मीच काढला होता. खडूसारखा पांढरा! वीस वर्षं झाली त्याला.
चिमाजी शेजारी उभा होता. "दादा, मला पांढरट वाटतोय."
"माझ्या हाताखाली नटबोल्ट धुतलेस. मला रंग शिकवतोस?"
मग मीच गाडीला नवा प्लग लावला, जुना पुडीत बांधून घरी आणला. कधीतरी त्याला शिकवायला.

१३ नोव्हेंबर
निवृत्ती म्हणतो, घाटात गाडी तापली की कटकट आवाज येतो. म्हटलं, बसेल हळूहळू. "तुम्ही बघितलंय ना, मग झालं," म्हणाला. दिवसभर हेच डोक्यात.

१५ नोव्हेंबर
निवृत्तीला पेठला खोली मिळाली. माझी सविता आणि बाळ बुधवारी जाणार, त्याच्या गाडीवरच. एस.टी.ने जा म्हटलं, तर पोरगी हसली. "आप्पा, तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते सांगा."

१७ नोव्हेंबर
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू फार पिकला होता म्हणे. उद्या पट्टी निघेल. डाव्यानेही धड दिसत नाही, अंदाजाने लिहितोय.

१८ नोव्हेंबर
पट्टी निघाली. घरी आलो. दोरीवरचा सदरा पांढराशुभ्र. म्हटलं, नीळ घातलीस वाटतं.
"नाही हो. तो असाच असतो."
फळीवरची प्लगची पुडी काढून सोडली. खडू.
"सविता निघाली का?"
"मघाशीच. घाटात असतील आता."
तसाच गॅरेजवर गेलो. चिमाजीच्या हातावर प्लग ठेवला. तो लगेच आपली गाडी काढून पेठ रोडला लागला.
त्याला जाऊन तीन तास झाले.