चिंचोक्यांचा डाव

अकोला,
६ ऑक्टोबर २०२५

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा फोन ताईच्या, नीलमच्या कपाटात आहे असं तिने सांगितलं. सहा महिन्यांची मुदत तूच घातलीस, हेही सांगितलं. म्हणून पत्र. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून अर्जांशिवाय काही लिहिलेलं नाही. अक्षर सांभाळून घे.

काम आहे. रविवारी दुपारी आम्ही चौघे शेजारी खुशालरावच्या ओसरीत पत्ते खेळायला बसतो. मी, तो, चंद्रभान आणि नत्थुजी. आधी रमी होती. उन्हाळ्यात चंद्रभान पुण्याला मुलाकडे गेला आणि पोकर शिकून आला. दोन पानं ज्याच्या त्याच्या हातात झाकलेली, पाच मधे सगळ्यांसाठी उघडी. तुला सांगायला नको. पैसे लावत नाही. चिंचोके लावतो. खुशालरावच्या घरून डबाभर मिळाले आहेत, धुऊन वाळवलेले.

मी दर रविवारी हरतो. दोन तासांत माझ्यापुढची सतरंजी साफ. खुशालराव म्हणतो, देवराव, तुले मीटर वाचता येत होतं, माणूस वाचता येत नाही. एकाहत्तर वय, छातीवर बायपासचे टाके, पण तोंड चालूच.

तू चार वर्षं फोनवर हेच केलंस. त्यात काय गेलं ते मला माहीत आहे. त्यावर लिहीत नाही. पण एवढं घालवून काही शिकला असशील. बोली कधी लावायची, किती लावायची, कधी पानं टाकायची, ते लिहून कळव.

आज नळाचा दिवस आहे. पाचव्या दिवशी येतो. खाली नंबर लावायचा आहे, म्हणून थांबतो. उत्तर पत्रानेच दे.

तुझा मामा,
देवराव


अमरावती,
११ ऑक्टोबर

आदरणीय मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आधी मी वाचलं. घरात येणारं आणि घरातून जाणारं सगळं पाहत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पुढचीही पत्रं वाचेन. धर्मेंद्रला ते माहीत आहे.

मामा, हे काहून विचारलं तुम्ही? दारू सुटलेल्या माणसाला कोणती दारू चांगली असं कोणी विचारत नाही. बाबांच्या फंडातून वरचा मजला होणार होता. गच्चीवर सळया उभ्या आहेत. गंजल्या आहेत. मी त्यांना दोरी बांधून शाळेतून आल्यावर कपडे वाळत घालते. शेजारच्या बाई विचारतात, काम कधी सुरू होणार. मी म्हणते, होईल.

तो आंघोळ करतो, जेवतो, बसतो. एक सप्टेंबरला त्याने फोन स्वतःहून माझ्या हातात दिला. मी मागितलाही नव्हता. त्यामुळे माझा विश्वास बसला. मोटारसायकलही मोर्शीच्या मित्राकडे, नितेशकडे, संत्र्याचा हंगाम संपेपर्यंत ठेवली आहे. मला कुठे जायचं नाही, म्हणाला. २८ फेब्रुवारीला फोन परत द्यायचा आहे. त्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसेल की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे. दुसरं काही मी सध्या ठरवत नाही. माझ्यासाठी आलेलं स्थळही थांबवून ठेवलं आहे.

तुमचं पत्र फाडणार होते. पण मामाने काय लिहिलं, असं त्याने विचारलं. चाळीस दिवसांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पत्र दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि पेन मागितला.

हे चांगलं की वाईट, मला कळत नाही. त्याने लिहिलं तर टाकीन.

गुडघ्याला तेल लावत जा. आमच्यावरचा हात काढू नका.

आपली,
नीलम


अमरावती,
१३ ऑक्टोबर

आदरणीय मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

विचारलं म्हणून लिहितो.

तुम्ही फार डाव खेळता. दहांतले सात डाव पानं बघूनच टाकून द्यायचे. हे सगळ्यात कठीण आहे, कारण माणूस खेळायला आलेला असतो, बसून राहायला नाही. पण बसून राहणं हाच खेळ आहे.

सगळ्यांच्या शेवटी बोलायची पाळी येते तेव्हा थोडं जास्त खेळावं. आधीच्या तिघांनी काय केलं ते दिसलेलं असतं. पहिली पाळी असेल तेव्हा पान चांगलं असल्याशिवाय हात घालू नये.

बोली नेहमी मधल्या ढिगाच्या अर्ध्याएवढी. पान चांगलं असो की वाईट, तेवढीच. चांगल्या पानाला जास्त लावलं की चौथ्या डावाला सगळ्यांना कळतं. तुम्ही चांगलं पान आलं की चष्मा वर करता. लहानपणी आम्ही त्यावरूनच तुम्हाला हरवत होतो.

हरलेले चिंचोके मागे आणायला जाऊ नये. ढिगात गेलेलं आपलं राहत नाही.

थाप मारायची असेल तर क्वचित मारावी आणि पहिल्यापासून एकच गोष्ट सांगावी. मधेच बदलली की समोरचा विचार करायला लागतो. त्याआधी एखादा छोटा डाव आपणहून हरावा, पानं उघडी टाकून. समोरच्याला वाटतं, हा सरळ माणूस आहे. मग तो शोधत नाही.

ज्याने बरोबरीची बोली दिली नाही, पानं टाकली, त्याला आपली पानं दाखवायची नाहीत. त्याने कितीही विचारलं तरी.

किती वाजता उठायचं ते बसण्याआधी ठरवावं. हे मी कधी केलं नाही.

ताई बरी आहे. मी बरा आहे.

तुमचा,
धर्मेंद्र


अकोला,
२७ ऑक्टोबर

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलं आहे. चष्मा आता हलवत नाही.

सात डाव टाकून बसलो. चंद्रभानने विचारलं, तब्येत बरी नाही का. आठव्या डावाला अर्धा ढीग लावला. नत्थुजीने विचार न करता तेवढे चिंचोके पुढे ढकलले. खुशालरावनेही. थाप मारून पाहिली. कोणी पानं टाकतच नाही. खुशालराव म्हणतो, मले पाहू दे ना तुयाजवळ काय हाय, घरी जाऊन हे चिंचोके मी काय भाजून खाऊ? आणि शेवटपर्यंत थांबतो. त्याला नुसतं बघायचं असतं.

तुझं एकही वाक्य इथे चालत नाही. की मीच कुठे चुकतो?

नीलमला सांग, तेल लावतो. जेवत जा.

मामा,
देवराव


अमरावती,
१ नोव्हेंबर

आदरणीय मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही चुकत नाही. चिंचोक्यांवर हा खेळ होत नाही. चिंचोका गेला तर काही दुखत नाही. ज्याला दुखत नाही तो पानं टाकत नाही. जो पानं टाकत नाही त्याला घाबरवता येत नाही.

माझंही शेवटी तसंच झालं होतं. पहिल्या वर्षी शंभर रुपये गेले तर जेवण जात नव्हतं. नंतर पडद्यावरचा आकडा कितीही असला तरी तो चिंचोका होता. बाबांच्या फंडाचा शेवटचा भाग गेला तेव्हा ताई आत पोळ्या करत होती. मी उठून हात धुतले आणि जेवलो. चार पोळ्या खाल्ल्या. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

खेळ नीट व्हावा असं वाटत असेल तर गेलं की दुखेल असं काही लावा. पैसे नको. दुसरं काही.

ताईला सळयांना काळा रंग द्यायचा आहे, म्हणजे गंज थांबेल. मी देईन म्हटलं आहे. अजून दिला नाही.

तुमचा,
धर्मेंद्र


अकोला,
२४ नोव्हेंबर

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू म्हणालास तसं केलं. आता पाणी लावतो.

नळ पाचव्या दिवशी येतो आणि आमच्या गल्लीत आम्हा चौघांनाही स्वतःच भरावं लागतं. एक चिंचोका म्हणजे पाण्याचा एक भरलेला गुंड, कळशीपेक्षा मोठा. रविवारी जो जितके गुंड हरेल त्याने पुढच्या नळाला जिंकणाऱ्याच्या घरी तितके भरून द्यायचे. कल्पना खुशालरावची. माझं घर माडीवर, तेवीस पायऱ्या. त्याचं खाली. म्हणून चंद्रभान म्हणाला की देवरावले हरवणं स्वस्त अन् देवरावकडून हरणं महाग.

धर्मेंद्र, खेळ बदलला. ओसरीत आता कोणी बोलत नाही. नत्थुजी पानं बघतो, जिन्याकडे बघतो आणि टाकतो. मी अर्धा ढीग लावला की तिघेही माझ्या तोंडाकडे पाहतात. गेल्या तीन रविवारांत मी दोनदा जिंकलो. नत्थुजीने माझ्याकडे दोन गुंड आणले, चंद्रभानने तीन. मी एकदाच हरलो, एक गुंड.

पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदा मला रविवारची वाट पाहावीशी वाटते. हे तुझ्यामुळे. तू म्हणतोस तुला काही वाटत नाही. मला वाटतं आहे, तेवढं तुझ्या नावावर धर.

पुढचं शिकव. समोरचा घाबरट नसेल तर थाप कशी मारायची? खुशालराव घाबरत नाही.

मामा,
देवराव


अकोला,
१० डिसेंबर

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचून मीच थाप मारायचं ठरवलं.

रविवारी, सात तारखेला, खुशालरावसमोर आधी एक छोटा डाव हरलो. पानं उघडी टाकली. तो हसला, देवराव, तू सुधरत नाहीस, म्हणाला. त्यानंतरच्या मोठ्या डावात माझ्या हातात काहीच नव्हतं. सत्ती आणि दुर्री. पहिल्यापासून अर्धा ढीग लावत गेलो. शेवटच्या पानाला ढिगात त्याचे आठ गुंड होते. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पानं टाकली. दोन राण्या होत्या, त्याने त्या उलटून सगळ्यांना दाखवल्या. मला विचारलं, तुयाजवळ काय होतं. मी पानं गड्डीत मिसळली.

काल मंगळवारी नळ आला. मी म्हटलं, राहू दे, छातीवर टाके आहेत तुझ्या. तो म्हणाला, हरलो तं हरलो, मले भीक नको. चार गुंड आणले. पाचवा घेऊन चढताना जिन्यावर पडला. गुंड खालपर्यंत गेला. खुब्याचं हाड मोडलं आहे. छातीचं बघितल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही म्हणतात.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो होतो. शुद्धीवर आहे. फक्त विचारलं, देवराव, राणीच्या वर काय होतं तुयाजवळ.

मी उत्तर न देता आलो. उद्या पुन्हा जायचं आहे. परवाही. तू लिहिलं होतंस की बरोबरीची बोली न देणाऱ्याला पानं दाखवायची नाहीत. तो नियम इथेही धरायचा का, ते कळव. मला दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

मामा,
देवराव


अमरावती,
१४ डिसेंबर

आदरणीय मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

सांगा. सत्ती आणि दुर्री होती असं सांगा. त्याने पुढे काय होईल मला माहीत नाही. तो तुमच्याशी बोलणं टाकेल. तरी सांगा.

मी तुम्हाला जे शिकवलं ते मी ज्याच्यावर वापरत होतो ते माणूस आमच्या घरातच आहे.

मामा, हे पत्र पेटीत पडण्याआधी नीलमताई वाचेल. म्हणून इथेच लिहितो. तोंडाने मला जमत नाही.

ताई, कपाटात आहे तो माझा जुना फोन. तो मी हरण्यासाठीच तुझ्या हातात दिला. दुसरा फोन तुरीच्या ड्रममध्ये तळाशी आहे, गव्हाच्या पिशवीत गुंडाळलेला. तू वरून तूर काढतेस, तळाशी मार्चपर्यंत पोचली नसतीस. तू शाळेत गेलीस की मी तो बाहेर काढतो आणि तू यायच्या आत परत ठेवतो. जुनी अ‍ॅपं कायद्याने बंद झाली, पण लिंका येतात. मोटारसायकल नितेशकडे नाही. सप्टेंबरमध्येच विकली. ते पैसे दिवाळीआधी संपले. त्यानंतर आईच्या कानातली कुडी. डबी जागेवर आहे, आत काही नाही. मामांच्या नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण त्या आठवड्यात मी रोज खेळत होतो.

मामांचं पत्र शुक्रवारी आलं. तेव्हापासून ड्रम उघडलेला नाही. दोनच दिवस झाले आहेत, त्याचं काही मानू नकोस.

फोन मी काढून देत नाही. मी हातात दिला की ती पुन्हा थापच होते. तूच काढ.

सहा महिने आजपासून धर. धरायचे नसतील तर तसं सांग.

मामा, खुशालकाकांच्या घरचं पाणी आता कोण भरतं, ते लिहा.

तुमचा,
धर्मेंद्र


अमरावती,
१७ डिसेंबर

आदरणीय मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

सोबत धर्मेंद्रचं पत्र आहे. तीन दिवस उशिरा टाकते आहे. त्यातलं सगळं खरं आहे. मी पाहिलं.

रविवारी दुपारी त्याने पाकीट न चिकटवता माझ्यापुढे ठेवलं आणि गच्चीवर गेला. मी वाचलं. मग चादर अंथरली आणि ड्रम आडवा करून तूर सगळी उपसली. तुरीत घातलेला कडुलिंबाचा पाला वाळून चुरा झाला होता. पिशवी मिळाली. आतला फोन चालू होता, चार्जिंग ब्याऐंशी टक्के. मी तो बंद केला. तूर परत भरायला तासभर लागला. मग आईची डबी उघडून पाहिली. कापूस होता.

मला रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. संध्याकाळी कुकर लावला. दोघे जेवलो. सोमवारी शाळेत गेले, चौथीचे पेपर तपासले. स्थळाकडच्या लोकांना फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. घरचं आहे, म्हटलं.

दोन्ही फोन आता माझ्या शाळेच्या कपाटात आहेत, घरात नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानाच्या कडेला २८ फेब्रुवारी लिहून केलेली खूण खोडली. नवी खूण करायला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लागेल. ते अजून आणलेलं नाही.

त्याचं पत्र मिळण्याआधीच तुम्ही खुशालकाकांना सांगितलं, हे काल तुमच्याकडून फोनवर कळलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि तुम्ही अर्धा तास स्टुलावर बसून परत आलात, हेही मी धर्मेंद्रला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. उद्या पुन्हा जाल का, असं त्याने तुम्हाला विचारायला सांगितलं आहे.

काल संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आईची कुडी गेल्याचं तुला दुखलं का, असं विचारलं. तो दोन वर्षांत असं काही बोलला नव्हता. मी पोळी तव्यावरून काढली आणि हो म्हटलं. तो तिथेच खाली बसला. पानावर बसवलं तर एक पोळी खाल्ली, दुसरी वाढली ती तशीच राहिली.

आज पहाटे नळ आला. मी उठले तेव्हा त्याने सगळं भरून ठेवलं होतं. शनिवारी पहिल्या गाडीने त्याला अकोल्याला पाठवते आहे. तिकिटापुरतेच पैसे देईन. तुमच्या गल्लीत रविवारी नळ आहे असं तुम्ही म्हणालात. खुशालकाकांच्या घरचं तो भरेल. त्यांनी नको म्हटलं तरी भरू द्या.

त्याला स्टँडवर घ्यायला या. आमची जबाबदारी टाकू नका.

आपली,
नीलम