तीन रद्दी सिनेमे आणि धामणगावचा देवमन

रविवार, १ डिसेंबर १९६३, अमरावती

रद्दी! सिनेमाचं नाव लिहून वहीचं पान नासवत नाही. आंधळी आई, हरवलेला मुलगा, आणि शेवटी देवळाची घंटा वाजते अन् आईला दिसायला लागतं. मग डॉक्टर कशाला शिकतात?

आणि देवमन वानखडे रडत होता! धामणगाव रेल्वेचा पार्सल क्लार्क, माझा ठरलेला नवरा. लग्न बुद्धपौर्णिमेला. तोवर दर रविवारी त्यानं गाडीनं यायचं आणि सुंदराआत्याच्या पहाऱ्यात आम्ही सिनेमा पाहायचा, ही आमच्या अण्णांची सुधारणा. आत्या मध्ये बसते आणि जाहिराती संपायच्या आत घोरायला लागते.

बाहेर आल्यावर विचारलं, "एवढं रडण्यासारखं काय होतं?"

"मायचं काम लय चांगलं केलं जी तिनं."

जी!

बुधवार, ४ डिसेंबर

नागपूरला एम.ए. करायचं पुन्हा बोलून पाहिलं. "बी.ए. झाली का बस," अण्णा म्हणाले आणि पेपर उघडला. स्वतः शाळामास्तर! "पोरी शिकवा" म्हणून साऱ्या वस्तीला सांगत फिरतात. स्वतःची पोरगी मात्र खपवायची घाई.

रविवार, ८ डिसेंबर

डाकू. दरोडेखोरांच्या गुहेत नाचायला बाई कुठून येते, तिला जरीचा घागरा कोण शिवून देतो, कोणी सांगत नाही. मारामारीत सरदाराची मिशी एका बाजूनं सुटली, तरी तो गरजतच होता.

देवमन खूश. "घोडे मस्त होते."

"हो. सगळ्यात चांगलं काम त्यांनीच केलं."

तो हसला. टोमणा कळलाच नाही!

रविवार, १५ डिसेंबर

याहून वाईट सिनेमा या महिन्यात होऊ शकत नाही. या वर्षातही नाही. नायिका कॉलेजात पहिली येते, आणि सासू रुसली म्हणून सगळी पुस्तकं चुलीत घालते. वर त्याच चुलीवर पोळ्या भाजते! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी जास्त.

बाहेर आत्या पायरीवर टेकली. आम्ही टपरीवर चहा घेत होतो. माझा राग मावेना. म्हटलं, "त्या पोरीला काय पाहिजे, हे कोणी विचारलं तरी का?"

देवमननं कपावरून मान वर केली. "तुमाले विचारलं काय कोणी?"

"कशाबद्दल?"

"आपल्या लग्नाचं."

मी कप खाली ठेवला. शेवटी म्हटलं, "नाही. मला नागपूरला जाऊन शिकायचं आहे."

तो चहा फुंकत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

बरं! एवढं मन उघडं केलं, तर बरं! दगडाशी लग्न ठरवलंय अण्णांनी.

रविवार, २२ डिसेंबर

आला, पण सिनेमाला नाही. बसलाही नाही. दारातच उभं राहून अण्णांना म्हणाला, "हे लग्न मले जमत नाई. मले दुसरी पसंत आहे."

अण्णांनी नाही नाही ते ऐकवलं. हरामखोर म्हणाले, बापाचा उद्धार केला. शेजारची माणसं गोळा झाली. तो खाली मान घालून सगळं ऐकत राहिला आणि निघून गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्या त्याच्या मागे धावली. कशाला, कोण जाणे.

असला खलनायक तर तिकीट काढूनही पाहायला मिळत नाही!

सुटले मी. मग अंगाची आग का होतेय?

बुधवार, २५ डिसेंबर

मैत्रीण मनकर्णा ओढून घेऊन गेली. थिएटर रिकामं. एक म्हातारा गाडीवान, त्याची बायको, आणि बैल विकायचा की नाही यावर दोघांचं भांडण. गाणं नाही, कोणी मरत नाही. शेवटी ती त्याला पाण्याचा तांब्या देते आणि शेजारी बसते. संपला.

महिन्यातला एकुलता एक चांगला सिनेमा. आणि बाहेर पडताना डोक्यात काय आलं? देवमनला हा आवडला असता का! स्वतःचाच संताप आला.

शनिवार, २८ डिसेंबर

आत्या तूर पाखडत होती. मी देवमनच्या नावानं बोटं मोडत होते. तिनं सूप आपटलं.

"बस झालं! दुसरी-तिसरी कोणी नाई त्याले."

"तुला काय माहीत?"

"त्या दिवशी स्टेशनापर्यंत गेली मी त्याच्या मागं. म्हणे, तिनं नाई म्हटलं तं अण्णा तिचं कॉलेज बंद करतीन. मी नाई म्हटलं तं मलेच शिव्या देतीन. शिकू द्या म्हणे तिले. कोणाले सांगू नका म्हणे." आत्यानं पदरानं नाक पुसलं. "पण तू त्याले अशी बोलून राहिली, मले नाई आयकवत!"

असलं पडद्यावर दाखवलं असतं तर मी उठून गेले असते. लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. माणसं अशी वागत नाहीत म्हणाले असते.

रविवार, २९ डिसेंबर

अण्णांना सगळं सांगितलं. मला शिकायचं होतं म्हणून त्यानं खोटं सांगितलं, हे. कॉलेज बंद करायचं तर करा, हेही. आणि कधी लग्न केलं तर त्याच्याशीच करीन, तेही एम.ए. झाल्यावर, तो अजून तयार असला तर.

अण्णा उठले. मग खुंटीवरची टोपी काढली.

"साऱ्या वस्तीसमोर बोललो मी त्या पोराले. चाल. बडनेऱ्याहून गाडी सापडते धामणगावची."