पाहुण्यांसाठी पेटवलेला स्टोव्ह

प्रिय इंदू,

उद्या आपल्या शकूला बघायला चाकणची मंडळी येतायत, जेवायलाच. मघाशी तिनं विचारलं, "आण्णा, शेजारच्या काकूंचा स्टोव्ह मागून आणू? त्यांच्यापुढं पेटीतला भात कसा वाढायचा?" अगदी तुझ्या मनातलाच प्रश्न! म्हणून लिहायला बसलो.

ती पेटी मी माझ्या डोक्यानं केली, कुणाला विचारून नाही. पिंपरीचा बर्फवाला लाकडाच्या भुशात बर्फ टिकवतो, मग भुशात ऊब का टिकू नये? कंपनीतून भंगारात निघालेलं खोकं आणलं. तळाला वीतभर भुसा, चारी बाजूंनी तेवढाच ठासून, वर भुशाचीच उशी. शेगडीवर भाताला कढ आला की पातेलं आत. मी शिफ्टवरून येईपर्यंत भात मोकळा, वाफाळता! कोळसा वाचला, रॉकेलची रांग चुकली. भुसा सैल भरलास की मी चिडायचो. "व्हय, सायेब," म्हणून तू हसायचीस.

मग माझी बहीण वच्छी तळेगावहून आली आणि जेवताना सगळ्यांदेखत म्हणाली, "वैनी, सकाळचं शिळं वाढताय व्हय? इस्तू न्हाई का शेगडीत?" थट्टाच होती. तूही हसलीस.

पण पुढच्या खेपेला ती येणार म्हणून तू चहापुरता ठेवलेला स्टोव्ह पेटवलास. पेटीत भात तयार होता, इंदू! तो तसाच झाकून दुसरा टाकलास. बर्नर तुंबलेला, तू पंप मारत राहिलीस. भडका उडाला. अंगावर नायलॉनची साडी.

दवाखान्यात नेताना तुझं एकच चाललेलं, "वन्संना उपाशी पाठवू नका." अगं, एवढी कुणाची लाज धरलीस? मला एका शब्दानं बोलायचं होतंस!

पोलिसांनी मला विचारलं, "बायकोशी भांडण होतं का?" चाळीतले लोक अजून तसंच बघतात. भाताला कुणी शिळा म्हणेल म्हणून बाई जळाली, हे कुणाला पटणार?

शकूला सांगितलं, स्टोव्ह या घरात येणार नाही. ती रडली. "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

तुला शब्द देतो. उद्या पाहुण्यांसमोर पेटीचं झाकण मी उघडणार. कुणी नाक मुरडलंच, तर या घरात त्यापायी कोण गेलं ते तुझं नाव घेऊन सांगणार. मग मुलगी पसंत करोत, न करोत.

तुझा,
श्रीपती