शकूताईंबद्दल सगळेच चांगलं बोलतात

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! हिंदमाताला, साडीच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायला बायका पाठवणारी एजन्सी आहे. बाई नेमण्याआधी तिच्या जुन्या घरी फोन करून चौकशी करायची, हे माझं काम. म्हणजे लोकांच्या घरात नाक खुपसायचं आणि वर पगार घ्यायचा! यशोधन सर म्हणाले, संशयी मुलगीच हवी होती. राहायला गिरगावात आत्याकडे. आई गेल्यापासून मला तीच काय ती एक. आल्या आल्या वालाचं बिरडं केलंन, मी बोटं चाटून खाल्लं.

६ मार्च
आजची उमेदवार शकूताई. पन्नाशीच्या, गुहागरकडच्या, बोलणं मऊ. लालबागच्या रुपाली मेस्त्री आणि शिवाजी पार्कचे राजस धैर्यवान, दोघांना फोन केले. त्यांच्या आयांचं शकूताईंनी शेवटपर्यंत केलेलं. दोघंही तोंड भरून कौतुक करत होते. अहो, पण मुंबईत बाईबद्दल एकही तक्रार नाही? सुट्ट्या घेते, मोबाईल बघत बसते, काहीतरी? छे, मला नाही पटलं. सर म्हणाले, चांगलं ऐकूनही तुझं पोट दुखतं.

११ मार्च
आत्या मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सरांनी माणुसकी म्हणून शकूताईंनाच पाठवलं. नको म्हणणार होते, पण नव्या नोकरीत रजा कुठून आणू? आत्या मात्र खूश. ताईंनी तिची वेणी घातली, पूजेची फुलंसुद्धा आणली.

१८ मार्च
आत्या माझ्या हातचं खात नाही. एवढी मऊ खिचडी केली, तर तोंड फिरवलं. शकू भरवेल, म्हणाली. फार लागलं मला ते. आज त्या राजसना समोरासमोर गाठायचंच.

संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर भेटले. आधी तेच कौतुक. मी म्हटलं, अहो, माझी आत्या आहे घरी. तेव्हा त्यांचा चेहरा पडला. सांगू लागले. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दागिने, फ्लॅट, भावाशी अबोला, सगळ्याचे शब्द देऊन झाले. ऊन चढलं. शेवटी शकूताईंनीच पुढे येऊन सुचवलं, ‘शकूला कामाला पुढचं चांगलं घर बघून देईन’ असं म्हणा. म्हटल्याबरोबर कावळा झेपावला. आता शब्द मोडला तर आई अडकून पडेल, म्हणून फोन आला की हा माणूस कौतुक करतो. रुपालीताईंकडेही हेच झालं होतं म्हणे. आई कशाने गेल्या, विचारलं. म्हणाले, जेवण तुटलं. शेवटी फक्त शकूताईंच्या हातचं घ्यायची, तेही—

१९ मार्च
काढलं त्यांना. ओरडले, पिशवी दाराबाहेर ठेवली. त्या शांतपणे चपला घालून गेल्या. आत्या रडतेय. पाणीसुद्धा घेत नाही.

२१ मार्च
डॉक्टरांना कळत नाही. सलाईनची सुई उपटून टाकते. मी हरले. बोलावलं परत.
आत्या जेवली. देवा, जेवली!

२९ मार्च
आत्या गेली.

७ एप्रिल
बाणगंगेवर दहावा. कठड्यावर कावळेच कावळे, एक खाली येईल तर शपथ. तुझी खोली विकणार नाही म्हटलं, तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या गावच्या काकांशी भांडणार नाही म्हटलं— काही नाही. शकूताई पायरीवर उभ्या. सुचवायलासुद्धा आल्या नाहीत. मला ठाऊकच होतं ना काय म्हणायचं ते. पण म्हटलं तर उद्या दुसऱ्या कुणाची तरी आत्या. नाहीच म्हटलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. झालं, म्हणाले.

८ एप्रिल
झालं नाही. खाटेवर आत्या आहे. माझ्याकडे बघते. तोंड उघडं.

९ एप्रिल
वरणभात पुढे केला. तोंड फिरवलं. गाल बसलेत. मेल्यावरही भूक— अगं आत्या, मी काय करू—

१० एप्रिल
परळहून फोन. कुणी मधुरा. वडील एकटे, शकूताईंनी माझा नंबर दिलाय. खरं सांगायचं ठरवलं होतं. सगळं. तोंड उघडलं आणि आत्या कण्हली— उपाशी आहे हो ती—

म्हटलं, निर्धास्त ठेवा त्यांना. अगदी घरच्यासारख्या—

खिडकीत फडफड. आत्याच्या पानावर कावळा. खातोय. खाट रिकामी—

पुन्हा फोन. मधुराच. विचारतेय, तक्रार एकही नाही का हो? माझ्यासारखीच संशयी— सांगू? अजून सांगता येईल— कावळा थांबला. मान वळवून माझ्याकडे—

नाही हो, म्हटलं, एकही